शब्दचर्चा: क्रोध, सात्त्विक संताप की जीव जळणे?

प्रश्न, परळहून

आमच्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त येत्या रविवारी उपासनेनंतर कायम व्हायचं आहे. त्यातल्या एका शब्दावर माझं मन अडलंय.

छपराच्या दुरुस्तीसाठी दोन वर्षं वर्गणी गोळा झाली. छप्पर अजून गळतंय, आणि हिशेब मागितला की ‘पुढच्या सभेत बघू’. यंदा ऐंशीच्या घरातल्या एक आज्जी उठल्या. १९८२ च्या गिरणी संपात घरी चूल पेटायची मारामार होती, तेव्हाही या बाईंनी दानाचं पाकीट चुकवलं नव्हतं. काठी जमिनीवर आपटून म्हणाल्या, “पैसे देवाचे आहेत, तुमचे नाहीत. वही दाखवा.” समोरून विश्वस्तांचं उत्तर आलं, “आज्जी, देवाच्या घरात क्रोध शोभत नाही. क्षमा करायला शिका.”

कच्च्या इतिवृत्तात आता लिहिलंय: ‘एका भगिनीने क्रोधाच्या भरात आरोप केले.’

हे मला कायम होऊ द्यायचं नाही. पण ‘क्रोध’ खोडून काय लिहू? ‘सात्त्विक संताप’ सुचला, तर तो शब्द हल्ली टोमणा मारायलाच जास्त वापरतात. प्रभू येशूने मंदिरातून विक्रेत्यांना बाहेर काढलं, त्या भावनेला आपण मराठीत काय म्हणतो?

प्रतिसाद, माहीमहून

ताई, हा प्रसंग मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, आहे, पण तिथे ‘येशू रागावला’ असं एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. आपण ते मनानेच वाचतो. रागाचा शब्द सापडतो मार्कच्या तिसऱ्या अध्यायात. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात, वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा असताना सगळे गप्प बसतात. येशू त्यांच्याकडे रागाने पाहतो आणि त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे खिन्न होतो. राग आणि दुःख एकाच वाक्यात आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मंदिरातला प्रसंग पाहून शिष्यांना आठवलं ते बायबलमधलं स्तोत्र ६९. योहान ते सांगतो. या भावनेसाठी तिथला हिब्रू शब्द ‘किन्आ’, ग्रीक ‘झेलॉस’. याच शब्दाचा दुसरा अर्थ मत्सर. आपलं माणूस दुसऱ्याने ओढून नेलं तर जे पोटात पेटतं, ते. आणि स्तोत्रकर्ता म्हणतो, तुझ्या घरासाठी पेटलेल्या या आगीने मला खाऊन टाकलं. मला खाल्लं, समोरच्याला नव्हे.

‘आवेश’ म्हणावं तर मराठीत आवेश अंगात येतो नि ओसरतो. मार्कचा अकरावा अध्याय पाहा. येशू संध्याकाळी मंदिरात जातो, चहूकडे सगळं बघतो आणि उशीर झाला म्हणून बेथानीला परत जातो. टेबलं उलथतात ती दुसऱ्या दिवशी. योहानात तर तो आधी दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, वळतो. दोरी वळायला वेळ लागतो. भरात काही करणारा माणूस दोरी वळत बसत नाही. तेव्हा ‘क्रोधाच्या भरात’ यातला ‘भरात’ मला ‘क्रोधा’पेक्षाही जास्त खटकतो.

प्रतिसाद, वसईहून

माहीमकरांचं वाचलं, पटलं. तरी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा विसर नको: माणसाच्या रागाने देवाचं नीतिमत्त्व घडत नाही. सभेत आवाज चढला की आपला अहंकारही त्यात मिसळतो. आणि क्षमेचं काय?

प्रतिसाद, माहीमहून

मिसळतो, खरंच. म्हणूनच बायबलमधल्याच इफिसकरांस पत्रात ‘रागावा, पण पाप करू नका’ असं दोन्ही एकत्र सांगितलंय. राग तिथे गृहीत धरलेला आहे. क्षमेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात मंदिराचा प्रसंग आहे, आणि त्याच अध्यायाच्या सुरुवातीला जक्कय हा जकातदार आहे. तो म्हणतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो. इथे वही उघडायची तयारी नाही आणि क्षमा मात्र आज्जींनी शिकायची? हा ‘क्षमा’ शब्दाचा गैरवापर आहे. ‘क्रोधा’चं राहू द्या, चर्चा या शब्दाचीही व्हायला हवी.

प्रतिसाद, दादरहून

मी ख्रिस्ती नाही, शाळेत मराठी शिकवायचे. पण मंदिरात ज्यांची टेबलं येशूने उलथली, त्यांच्यासाठीच्या ‘सराफ’ शब्दाबद्दल सांगावंसं वाटतं. आज सराफ म्हटलं की झवेरी बाजार आणि सोनं डोळ्यांपुढे येतं. मूळ अरबी अर्थ नाणी पारखून बदलून देणारा. मंदिराचा कर ठरावीक नाण्यातच भरायचा, म्हणून यात्रेकरू बाहेरची नाणी बदलून घेत, आणि बदलणारा मध्ये आपला हिस्सा कापून घेई. या कापून घेण्याला जुन्या मराठीत ‘बट्टा’ म्हणतात. नाव खराब झालं की ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, तो हाच शब्द. मंदिराच्या त्या अंगणात दोन्ही बट्टे एकदमच लागत होते.

येशू तिथे मंदिराला ‘लुटारूंची गुहा’ म्हणतो. त्याला कुणी ‘चोरांचा अड्डा’ म्हणतात, ते मला चुकीचं वाटतं. अड्ड्यावर धंदा चालतो. गुहेत लुटारू लूट करून झाल्यावर लपायला येतो, तिथे त्याला सुरक्षित वाटतं. हे शब्द मूळचे यिर्मया या संदेष्ट्याचे आहेत ना? त्याचा सातवा अध्याय मी मुद्दाम वाचला. परक्यावर, अनाथावर, विधवेवर जुलूम करायचा आणि मग मंदिरात उभं राहून ‘आम्ही सुटलो’ म्हणायचं, हेच तो सांगतोय.

जाता जाता: ‘विश्वस्त’ या शब्दात ‘विश्वास’ आहेच, शिवाय कायदाही आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी असेल तर दरवर्षी हिशेब तपासून घेणं बंधनकारक आहे. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीलाच आहे, परळहून लांब नाही.

परळहून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आज्जींकडे गेले होते. विचारलं, आज्जी, त्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं? राग? म्हणाल्या, “राग कसला गं. राग आला असता तर यायचीच बंद झाले असते. जीव जळतो माझा.”

स्तोत्रातलं ‘खाऊन टाकलं’ मला तिथेच आठवलं.

दुरुस्ती अशी लिहिली आहे: ‘सभासद भगिनीने छप्पर निधीच्या हिशेबाची वही सभेपुढे ठेवण्याची मागणी केली. मंडळीच्या पैशासाठी आपला जीव जळतो, असे त्या म्हणाल्या. वही ठेवण्यात आली नाही.’ आज्जींना वाचून दाखवली. त्यांनी एकच बदल सांगितला. ‘भगिनी’ काढ, माझं पूर्ण नाव घाल.