गुरूवरचा तांबडा डाग: एकाकी लाट की भोवरा?

खानापूरकर:
राजहंसगडावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरतोय. त्याच्या माहितीफलकाच्या कच्च्या मजकुरात लिहिलंय, "तांबडा डाग ही एकाकी लाट, म्हणजे सॉलिटन आहे." माझा याला ठाम विरोध आहे. एकाकी लाट आकार न मोडता पुढे सरकते, आणि दुसरीशी गाठ पडली तरी दोघी एकमेकींतून पार होऊन जशाच्या तशा बाहेर पडतात. डाग असा वागतो का? १९७९ मधली व्हॉयेजर अंतराळयानांची चित्रमालिका बघा. लहान भोवरे त्याच्या कडेला येतात, फेर धरतात आणि काही त्यातच गडप होतात. हा उलटसुलट वाऱ्यांच्या दोन पट्ट्यांमध्ये अडकलेला, खळबळीवर पोसलेला भोवरा आहे. मुलांना पहिल्याच ओळीत चुकीचं सांगू नका.

निपाणीकर:
मॅडम, एका फटक्यात निकाल लावू नका. १९७६ मध्ये मॅक्सवर्दी आणि रेडेकॉप या शास्त्रज्ञांनी ही एकाकी लाटेची कल्पना मांडली, ती एका खऱ्या अडचणीतून. एवढ्या धुमाळीत एखादी आकृती शतकभराहून जास्त टिकते कशी? लाटेची पसरण्याची ओढ आणि तिच्या जोरामुळे आवळत जाण्याची ओढ, दोन्ही तुल्यबळ झाल्या की लाट विरत नाही. रॉस्बी लाटांत, म्हणजे ग्रहाच्या फिरण्यामुळे त्याच्या वातावरणात उठणाऱ्या अवाढव्य लाटांतही, हा तोल जमू शकतो. शिवाय गुरूवरचे मोठे, दीर्घायुषी डाग प्रतिचक्रवातीच, म्हणजे चक्रीवादळाच्या उलट दिशेनं फिरणारेच का? भौतिकशास्त्रज्ञ नेझ्लिन यांनी फिरत्या भांड्यातल्या उथळ पाण्यात नेमके तसेच टिकाऊ भोवरे मिळवले, आणि त्यांना रॉस्बी सॉलिटनच म्हटलं.

गोकाकवाला:
बाई, पावसाळ्यात धबधब्याखालची घटप्रभा बघा. मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान फुटून बारीक, शेवटी नुसता फेस. खळबळ मोडते, घडवत नाही. मग डाग तिच्यावर पोसतो कसा? मला निपाणीच्या सरांचं पटतं.

खानापूरकर:
प्रश्न नेमका विचारलास. नदीत पाणी वर, खाली, आडवं, कसंही उसळतं. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, आणि इतक्या वेगात मोठे प्रवाह बहुतांशी आडवेच राहतात. अशा द्विमितीय खळबळीत ऊर्जा उलट्या वाटेनं, लहान भोवऱ्यांकडून मोठ्यांकडे जाते. भौतिकशास्त्रज्ञ क्रेकनन यांनी हे १९६७ मध्ये गणितानं मांडलं. १९८८ मध्ये टेक्सासात सोमेरिया, मेयर्स आणि स्विनी यांनी फिरत्या टाकीत तळातून पाणी आत-बाहेर खेळवलं, तेव्हा लहान भोवरे मिसळत मिसळत एकच मोठा उरला. त्याच वर्षी मार्कस यांच्या संगणकी गणितातूनही तेच आलं.

आणि गुरूवरचेच तीन पांढरे अंडाकृती डाग घ्या. साठेक वर्षं शेजारी शेजारी राहिले. १९९८ मध्ये दोन एक झाले, २००० मध्ये तिसराही त्यात मिसळला.

निपाणीकर:
मिसळले, मान्य. पण आरपार जाण्याची अट कालव्यासारख्या एकाच दिशेनं जाणाऱ्या लाटांच्या समीकरणातून आली. ती इथे जशीच्या तशी लावायची कशाला? व्याख्या रुंद करा.

खानापूरकर:
सर, रुंद केली तर टिकणारं काहीही सॉलिटन ठरेल. स्कॉटिश अभियंता रसेल यांनी १८३४ मध्ये एडिंबरोजवळच्या कालव्यात जिचा घोड्यावरून पाठलाग केला, ती एकाकी लाट पुढे गेली. पाणी बहुतेक जिथल्या तिथेच राहिलं. तांबडा डाग आपल्या पोटातला वायू धरून फिरवत राहतो. हा फरक मुलांना चित्रातून दिसायला हवा. एकाकी लाट दाखवायचीच असेल तर ऑस्ट्रेलियातल्या कार्पेंटारिया आखाताच्या मॉर्निंग ग्लोरी ढगाचा फोटो लावा. शेकडो किलोमीटर लांबीची ती गुंडाळी पहाटे किनाऱ्यावर येते. डागाखाली मात्र "भोवरा" एवढंच लिहा.