भाच्याला कांजिण्या, मला १७वा आठवडा.. काय करू?

तासगावची_लेक:
जरा घाईत लिहितेय. सांगलीत असते, पहिलीच वेळ आहे. रविवारी आम्ही दोघं माहेरी तासगावला गेलेलो, भाचा ६ वर्षांचा, कणकण होती म्हणून दुपारभर माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोबाईल बघत पडलेला. सोमवारी सकाळी वहिनीनं फोटो पाठवला, पोटावर पाणी भरलेले फोड, डॉक्टर म्हणाले कांजिण्याच. आता आई म्हणतेय तुला लहानपणी देवी आलेली, तुला काय होत नाही. विचारलं म्हणजे कांजिण्या का गोवर, तर म्हणे वीस वर्षांमागचं काय आठवतंय, लिंबाच्या पाल्यावर निजवलेलं एवढं खरं. इकडं सासूबाईंनी घरात फोडणी बंद केलीय, पोरगं आजारी तासगावात आणि आम्ही सांगलीत बिनफोडणीची आमटी खातोय 😐 माझी अपॉइंटमेंट १२ दिवसांनी आहे, तोवर थांबलं तर चालेल का?

सातारची_काकू:
घाबरू नको गं, आमच्या वेळी कोण टेस्ट करत होतं. एवढंच वाटत असेल तर लस घेऊन टाक म्हणजे प्रश्न मिटला.

मिरजेची_सिस्टर:
काकू, रागावू नका पण लस अजिबात नको, ती जिवंत विषाणूची असते, पोटात बाळ असताना देत नाहीत.

तासगावची, १२ दिवस थांबू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर. फोनच कर, न सांगता जाऊन ओपीडीत बसू नकोस, तिथं सगळ्या पोटुशा बाया असतात. फोड यायच्या १-२ दिवस आधीपासूनच लागण होते, म्हणजे रविवारी भाचा देऊन चुकलाय. आईच्या आठवणीवर जाऊ नकोस, आपल्याकडं गोवर काय कांजिण्या काय सगळ्याला देवीच म्हणतात. खऱ्या देवीचा शेवटचा पेशंट भारतात १९७५ ला सापडला, तू तेव्हा जन्मलीपण नव्हतीस. रक्ताची व्हॅरिसेला आयजीजी टेस्ट कर, म्हणजे कांजिण्यांच्या अँटीबॉडी अंगात आहेत का ते कळतं, तीही आत्ताच, कारण आत्ता पॉझिटिव्ह आली तर ती जुन्या आजाराचीच असणार, तीन आठवड्यांनी केलीस तर जुनी का नवी कळायचं नाही.

निगेटिव्ह आली तर इम्युनोग्लोब्युलिनचं म्हणजे तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन असतं, संपर्क आल्यापासून १० दिवसांच्या आत द्यायचं, महाग आहे आणि प्रत्येक मेडिकलात मिळत नाही म्हणून तर दिवस मोजायचे. काही डॉक्टर त्याऐवजी असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध देतात, ते त्यांनाच ठरवू दे. आणि समजा झाल्याच, तर २० आठवड्यांच्या आत बाळाच्या डोळ्यांना, हातापायांना, मेंदूला धोका असतो हे खरं, पण तो साधारण २ टक्के किंवा त्याहूनही कमी. नेटवरचे फोटो बघत बसू नकोस. त्यापेक्षा आईलाच न्यूमोनिया व्हायची भीती, फोड आले आणि धाप लागली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी अ‍ॅडमिट व्हायचं.

कराडची_आई:
मला नववा भरल्यावर झालेल्या. फोड आले आणि तिसऱ्या दिवशी डिलिव्हरी. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं ते अजून लक्षात आहे, की डिलिव्हरीच्या ५ दिवस आधीपासून २ दिवसांनंतरपर्यंत आईला फोड आले तर बाळाला सगळ्यात जड जातं, कारण आईच्या अंगात अँटीबॉडी तयार होऊन नाळेतून बाळापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. लेकीला जन्मल्या जन्मल्या मांडीत ते इंजेक्शन दिलं आणि काचेत ठेवली. मी वेगळ्या खोलीत, दूध काढून वाटीतून पाठवायचे, दूध बंद करायचं नाही म्हणलेले. दहाव्या दिवशी तिच्या मानेवर दोन फोड आले, लाल ठिपक्यावर दवाचा थेंब बसल्यागत, माझं तर अवसानच गेलं. लगेच शिरेतून असायक्लोव्हिर सुरू केलं, दोनाचे सात झाले आणि थांबले. आता तिसरीत आहे, मानेवर एक खड्डा आहे तेवढाच.

तासगावची_लेक:
अपडेट देते. मंगळवारी संध्याकाळी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, आज गुरुवारी रिपोर्ट आला. आधी नवऱ्यानं उघडला आणि "पॉझिटिव्ह" वाचून मटकन खाली बसला, त्याला वाटलं लागण झाली 😂 डॉक्टरांनी फोनवर सांगितलं हे चांगलं पॉझिटिव्ह आहे, लहानपणी होऊन गेल्यात, बाळालाही यातलं संरक्षण जाणार. आईला कळवलं तर म्हणे मी सांगत होते तेव्हा फुकटचं होतं, आता पैसे भरल्यावर पटलं.

पण आता दुसरंच निघालंय. नवऱ्याला कधी झालेल्याच नाहीत आणि रविवारी तोच भाच्याला खांद्यावर घेऊन फिरत होता. आणि नणंद पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला इथंच येणार आहे, तिचं तिलाही माहीत नाही झाल्यात का ते.

मिरजेची_सिस्टर:
त्याला लस चालते, तुझ्या पोटात बाळ असलं तरी. पण संपर्कानंतर ३ दिवसांत घ्यायची, फार तर ५, आणि आज चौथा आहे. उद्या सकाळीच पाठव. लस घेतली तरी आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत तो आणि नणंद एका छपराखाली नकोत. तिचीही आयजीजी तिकडंच करून घ्या, निघायच्या आधी.

तासगावची_लेक:
म्हणजे सासूबाईंना सांगायचं की लेकीला इतक्यात आणू नका. त्यापेक्षा नवऱ्यालाच तासगावला पाठवते, भाच्यासोबत मोबाईल बघत बसू दे.