मिटलेलं लेदर कोरल: आयोडीन आधी थांबवा

तुम्ही लिहिलंय की खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं लेदर (चामड्यासारखं दिसणारं मऊ कोरल) आठ दिवस मिटलंय, वर मेणासारखा चकचकीत थर आलाय, म्हणून तुम्ही आयोडीनचा डोस दुप्पट केलात. तेवढं आधी थांबवा. तो थर म्हणजे बहुधा कात टाकणं. सार्कोफायटन (लेदर कोरलचाच प्रकार) अधूनमधून हे करतंच, अंगावर बसलेलं शेवाळ आणि गाळ झटकायची त्याची ती रीत. कधी दोन-तीन दिवसांत उरकतं, कधी दोन आठवडे लागतात.

माझं एकदा १२ दिवस रुसून बसलं होतं. तेराव्या दिवशी सकाळी कडेचे चार-पाच पॉलिप (कोरलचे इवले, फुलासारखे जीव) बाहेर, तेही पंपाचा झोत पोचत होता त्याच बाजूचे! तेव्हा प्रवाह वाढवा, पण थेट मारा नको, उलटसुलट फिरणारा हवा. पापुद्रा लोंबत राहिला तर पिपेटने पाणी मारून उडवा, नखाने सोलू नका. (मी सोललाय. चट्टा महिनाभर गेला नाही.)

देठ मऊ, काळपट पडून कुजका वास आला तर मात्र वाट बघू नका. हातमोजे घालून धारदार ब्लेडने निरोगी भाग लागेपर्यंत कापा.

पाण्याची क्षारता (मिठाचं प्रमाण) तुम्ही ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५, लिहिलीय, पण रिफ्रॅक्टोमीटर (ती मोजायचं यंत्र) ३५च्याच द्रावणावर लावून बघितलात का? आणि तुमच्या शून्य नायट्रेटचं एवढं कौतुक नको, सॉफ्ट कोरलना थोडं लागतंच.

फिल्टरमधला, पाण्यातली रसायनं शोषणारा कार्बनही बदला. लेदर पाण्यात टर्पीन नावाची रसायनं सोडतं, शेजारचे कडक कोरल त्यानेच आक्रसतात.