डस्टर ऑल व्हील ड्राइव्हला 30 मिमीचे स्पेसर टाकले, आता पुढून टकटक येतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी 2015 ची डस्टर, 110 पीएस डिझेल, ऑल व्हील ड्राइव्ह, 1,18,000 किमी झालीय. राहतो नाशिकला इंदिरानगरात पण शेत हरसूलकडे, त्यामुळे दर शनिवारी तिकडे जाणं होतंच. डांबरी संपली की वस्तीपर्यंत दीड किमी कच्चा रस्ता आहे, तो ट्रॅक्टरने असा खोदलाय की दोन्ही चाकोऱ्या खोल आणि मधे गवताचा वरंबा. गेल्या पावसाळ्यात तीनदा गाडीचं पोट टेकलं. फोर व्हील लॉक (चारही चाकांना जोर देणारा मोड) टाकून काय उपयोग, गाडीच वरंब्यावर बसल्यावर चाकं नुसती चिखलात फिरतात. तिसऱ्या वेळी बाबा सोबत होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पावसात अर्धा किमी चालत न्यावं लागलं, ते मनातून जात नाही.

म्हणून मागच्या महिन्यात इथल्याच एका गॅरेजमध्ये पुढेमागे 30 मिमीचे स्पेसर (गाडी उंच करायच्या जाड चकत्या) टाकून घेतले. गाडी छान उचलली, टेपने मोजली तर पुढे 28 मिमी वाढलीय. पण आता सोसायटीच्या बेसमेंटमधून फुल स्टिअरिंग मारून वर येताना डाव्या चाकातून टक टक टक, दुसऱ्या गिअरला चढावर दाबली की पायाखाली थरथर, आणि स्पीडब्रेकरवर कुर्रर्र असा रबर पिळल्यासारखा आवाज. अलाइनमेंटला टो (चाकं समोर सरळ बघतात का ते) बसला पण पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्हीकडे प्लसमध्ये, म्हणजे चाकं वरून बाहेर झुकलेली, मशीनवर लाल.

काल बॅटरी घेऊन खाली झोपून बघितलं, डाव्या एक्सेलचा बूट (जॉइंटवरचं घड्यांचं रबरी कव्हर) फाटलेला नाही पण वरच्या घड्या ताणल्यात आणि खालच्या एकमेकींना घासून चकाकतायत. गॅरेजवाला म्हणतो चालवा, सेट होईल. मला नाही पटत. काढून टाकू का? काढले तर जूनमध्ये परत तेच पोट टेकणं.

प्रतिसाद

दादा, सेट वगैरे काही होत नाही, उलट एक्सेलचा जॉइंट खाईल. स्पेसर शॉकअपच्या वर बसतो, म्हणजे चाक लोंबकळलं की आधीपेक्षा तेवढंच आणखी खाली जातं, इंजिन मात्र जागेवरच, मग एक्सेलचा अँगल वाढतो. टकटक बाहेरच्या जॉइंटची, थरथर बहुतेक आतल्याची. 1,18,000 झालेल्या जॉइंटला 30 जास्त झालं, 20 वर या. कॅम्बर प्लस जाणारच, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) खाली झुकला की त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट आत ओढला जातो. शॉकअप आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट (कल बदलता येणारा) टाकून बराचसा परत आणता येतो.

कुर्रर्र आवाजाचं सोपंय. लोअर आर्मच्या आतल्या बाजूचे बोल्ट ढिले केलेच नसतील, बुश (आतले रबर) जुन्या उंचीला आवळलेले आणि आता पिळून बसलेत. ढिले करा आणि गाडी चारही चाकांवर उभी असताना आवळा, जॅकवर असताना नाही. मागचे पण.

उरलेली उंची टायरने भरा. 215/65 16 चे 215/70 केले तर साधारण 11 मिमी मिळतात, एक्सेलचा अँगल अजिबात बदलत नाही. फक्त चारही एकदम बदला हो, दोन नवे दोन जुने केले तर पुढच्यामागच्या चाकांचा घेर वेगळा होतो आणि मागच्या चाकांना जोर देणारी कपलिंग उगाच तापत राहते. स्टिअरिंग फुल मारून कुठे घासतं का तेही बघून घ्या. आणि इन्शुरन्सवाल्याला कळवून ठेवा.

धागाकर्ता

खूप आभार दादा! आज पिटवर गाडी घेऊन बोल्ट ढिले करून परत आवळून घेतले, एक बुश सुटताना अक्षरशः टण्णकन फिरला. येताना मुद्दाम सगळ्या स्पीडब्रेकरवरून आणली, कुर्रर्र पूर्ण बंद. टकटक अर्थात आहेच. स्पेसर 20 चे करतोय आणि टायर पगार झाल्यावर चारही एकदम. आता एकच सांगा, डावा जॉइंट आत्ताच बदलू का 20 वर आल्यावर आवाज ऐकून ठरवू? तोवर हरसूलला बाबांना घेऊन एसटीने जाईन.