मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या आईला अंगकोर वाटचं समुद्रमंथन दाखवायचंय

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही चौघं अंगकोर वाटचं देऊळ बघायला कंबोडियात, सिएम रीपला जातोय: मी, नवरा, ९ वर्षांचा मुलगा आणि माझी ७१ वर्षांची आई. विमानाची तिकिटं झाली, हॉटेल झालं. अडलंय ते आईच्या गुडघ्यांपाशी. आमच्याकडे लिफ्ट बंद असली की ती कठडा धरून, आडवी होऊन उतरते. दोन्ही पाय एका पायरीवर टेकले की मग पुढची. सपाटीवर मात्र अर्धा तास आरामात चालते.

तिला बघायचंय ते पूर्वेकडच्या ओवरीतलं समुद्रमंथन. जवळजवळ ४९ मीटर लांब कोरीवकाम, मधोमध विष्णू, खाली कूर्म, वासुकीच्या शेपटाशी एक वानर, त्याला मारुती मानतात. नातवाने आमच्या मजल्यावरचा पॅसेज टेपने मोजला, १२ मीटर भरला. आजीला म्हणाला, "असे चार!" तेव्हापासून ती रोज संध्याकाळी त्या पॅसेजमध्ये चार फेऱ्या मारते. रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारी आहे ती. दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकात हे देऊळ विष्णूसाठीच बांधलं, हे कळल्यापासून तिचा जीव तिथे लागलाय.

बाकानचा, म्हणजे देवळाच्या सगळ्यात वरच्या भागाचा, खडा जिना तिने सोडूनच दिलाय. १२ वर्षांखालच्या मुलांनाही वर सोडत नाहीत, त्यामुळे आजी-नातू खाली थांबतील. पण खालच्या ओवरीत शिरायला किती पायऱ्या आहेत? धरायला कठडा आहे का? पश्चिमेच्या मुख्य वाटेऐवजी पूर्वेकडून गेलं तर चालणं वाचेल असं वाटतंय. त्या बाजूला टुकटुक कुठपर्यंत जाते? व्हीलचेअरचा उपयोग होईल की तीच उचलत फिरावं लागेल?

नवऱ्याला सूर्योदय बघायचाय. मला वाटतं, अंधारात त्या गर्दीत आईला नेऊच नये, तो एकटा जाऊन येईल. अंगकोरच्या देवळांचा ६२ डॉलरचा ३ दिवसांचा पास १० दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणून एक दिवस देवळं, एक दिवस आराम असं ठरवलंय. बान्ते स्रेईचं देऊळ नक्की करणार. क्बाल स्पीयनला नदीच्या पात्रात लिंगं कोरलेली आहेत, पण दीड किलोमीटरचा चढ आहे, म्हणून ते मन मारून वगळलं.

आणखी एक. आई मासळी अजिबात खात नाही आणि तिथे साध्या भाजीतही माशांचा सॉस पडतो. मेतकूट, दशम्या नेतेय, पण सगळे दिवस पुरणार नाहीत. "मासे नको, माशांचा सॉसही नको" असं तिथल्या ख्मेर भाषेत लिहिलेली चिठ्ठी कुणाकडे असेल तर कृपया फोटो टाका.

वयस्कर आईवडिलांना घेऊन कुणी गेलं असेल तर पायऱ्यांचं आधी लिहा. पुढच्या आठवड्यात तिच्या डॉक्टरांकडे जायचंय, तेव्हा गुडघ्याचा पट्टा आणि काठी यांचं त्यांना नीट विचारता येईल.