मदत हवी आहे: नाकात आतून चिकटलंय, परत ऑपरेशन करावं का?

सांजवारा
डावी नाकपुडी परत बंद. एक डॉक्टर म्हणतात कात्रीने सोडवून प्लास्टिकची पट्टी ठेवू, दुसरे म्हणतात लेझर. पुन्हा चिकटणार नाही असं दोघांपैकी कोणीच छातीठोक सांगत नाही. कोणी करून घेतलंय का? या आठवड्यात ठरवायचंय. वाफ घ्या वगैरे सल्ले नकोत, प्लीज.

लवंगी
काय कशाला चिकटलंय? आधी कसलं ऑपरेशन झालं होतं? कधी?

पंतोजी
रोज सकाळी जलनेती करा. वीस वर्षं करतोय, साधी सर्दी नाही.

लवंगी
पंतोजी, चिकटलेलं पाण्याने सुटत नाही हो. ऑपरेशननंतर खपल्या धुवायला मिठाचं पाणी उत्तम, तेही उकळून गार केलेलं. नळाचं थेट नको, अमिबाच्या बातम्या वाचल्या असतील.

पंतोजी
आमच्या विहिरीच्या पाण्यात अमिबा नाही.

कोकणकडा
माझं झालंय, पुण्यात. जागा बधिर करून, दुर्बिणीतून. कापणं दहा मिनिटांचं काम. खरा खेळ नंतरचा: दोन्ही बाजू ओल्या जखमेच्या असतात, मधे काही नसेल तर परत जुळतात. म्हणून सिलिकॉनची पट्टी नाकाच्या मधल्या पडद्याला टाक्याने अडकवतात. मला दोनेक आठवडे होती. वास येतो, डोकं जड, पण ठेवा. काढल्यावरही साफ करून घ्यायला जात राहा.

नाकझाडे
लेझर बेस्ट. रक्त नाही, पट्टी नाही.

कोकणकडा
रक्त कमी, मान्य. पण आजूबाजूचं भाजलं तर खपली जास्त, आणि खपली म्हणजे परत चिकटायला आमंत्रण. पट्टी लेझरनंतरही घालतातच की अनेक जण.

नाकझाडे
तुमच्या एका नाकावरून नियम काढू नका.

मीनल_ठाणे
याने घोरणं थांबतं का? मिस्टरांचं फार आहे.

हरिपूरकर
मीनलताई, आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या. घोरणं नुसतं नाकाचं नसतं.

सांजवारा
अहो, पडद्याचंच ऑपरेशन, अजून कसलं असणार? सोबत टर्बिनेटही, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा मांसल उंचवटा, कमी केलं. पावसाळ्यात. आता पडदा आणि टर्बिनेट मधोमध चिकटलेत. मायटोमायसिन लावतात म्हणे, त्याचं काय?

डॉ_गवती
मी ईएनटी. मायटोमायसिन कापलेल्या जागी थोडा वेळ लावतात, व्रण कमी व्हावा म्हणून. फायद्याबद्दल आमच्यातच एकमत नाही, पट्टीला तो पर्याय नव्हे. चिकटलेली जागा रुंद असेल तर नुसतं कापून भागत नाही, उघड्या भागावर नाकाच्या आतल्या अस्तराचा पापुद्रा ओढून घ्यावा लागू शकतो. उलट बारीक दोरीएवढंच असेल आणि हवा अडत नसेल, तर हातही लावत नाहीत. तुमचं कोणतं? दुर्बिणीचा रिपोर्ट काय म्हणतो? नाक मोकळं करणारे थेंब टाकता का?

सांजवारा
रिपोर्टमध्ये 'बारीक' लिहिलंय. थेंब ऑपरेशनपासून चालूच आहेत, त्याशिवाय झोप लागत नाही. टाकले की नाक मोकळं होतं.

लवंगी
हे आत्ता सांगताय!

डॉ_गवती
थेंबांनी मोकळं होतंय, म्हणजे बराचसा अडथळा सुजेचा असणार. जुळलेला भाग थेंबांनी सुटत नाही. ते थेंब आठवडाभराहून जास्त चालले की स्वतःच सूज आणतात. दोन्ही डॉक्टरांना हे सांगितलंय का? बहुधा स्टिरॉइडचा स्प्रे देऊन थेंब सोडवतील, मग परत दुर्बीण. कात्री की लेझर ते त्यानंतर.

नाकझाडे
पण शेवटी लेझरच करा.