विषय: मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही. एक्स्टेंडर की मेश?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी येत आहेत. सासऱ्यांना जिना झेपत नाही, म्हणून खालची मागची खोली त्यांना देणार आहोत. राउटर वरच्या मजल्यावर, घराच्या दुसऱ्या टोकाला. घर १९४०च्या सुमाराचं. गेल्या वर्षी एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावला. फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात, पण व्हिडिओ कॉल दर दोन मिनिटांनी गोठतो. नणंदेशी रोज सकाळी बोलल्याशिवाय सासूबाईंचा दिवस सुरू होत नाही. नवा महागडा एक्स्टेंडर घेऊ की मेश (घरात ठिकठिकाणी ठेवायचे, एकत्र चालणारे वायफायचे डबे)?

---

ताई,
नवा एक्स्टेंडर घेऊ नका. त्या पट्ट्या फोन आणि एक्स्टेंडरमधल्या असतात. एक्स्टेंडरला राउटरकडून काय मिळतंय, ते त्या सांगत नाहीत. शिवाय स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

तुमचं घर १९४०चं, म्हणजे भिंती प्लास्टरच्या आणि प्लास्टरच्या आत बहुधा धातूची जाळी. आमच्याही घरी तेच आहे. वायफाय सहसा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर चालतं: ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. अशा जाळीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा जात नाही. २.४ थोडा जास्त झिरपतो, पण त्यावर शेजारपाजारच्या वायफायची गर्दी. मेशचे डबे एकमेकांशी वायफायवरच बोलत असतील, तर त्यांच्याही वाटेत हीच जाळी येणार.

आधी एक पाहा: मागच्या खोलीत टीव्हीच्या केबलचं गोल, पेचाचं सॉकेट आहे का? अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत ही कोअ‍ॅक्स केबल खोल्याखोल्यांतून आधीच फिरवलेली असते आणि आता पडून असते. मोका, म्हणजे कोअ‍ॅक्समधून घरातलं नेटवर्क चालवायची पद्धत, तिच्या अ‍ॅडॅप्टरची जोडी घ्या. एक राउटरजवळ, एक मागच्या खोलीत, आणि त्याच केबलमधून इंटरनेट न्या. मोकाच्या २.५ या आवृत्तीची कमाल क्षमता सेकंदाला २.५ गिगाबिट, म्हणजे २५०० मेगाबिट आहे. व्हिडिओ कॉलला ४ मेगाबिट पुरतात, म्हणजे काळजीच नको. खोलीतल्या अ‍ॅडॅप्टरला साधा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट वायफायवर देणारा डबा) जोडा. जुना राउटरही चालेल, फक्त तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. नाव आणि पासवर्ड वरच्या राउटरचेच ठेवा, म्हणजे सासूबाईंना खोली बदलली की सेटिंगमध्ये जावं लागणार नाही.

घरात केबल शिरते तिथे मोकाचा छोटा फिल्टर नक्की लावा, नाहीतर तुमचा सिग्नल बाहेरच्या केबलवर, शेजाऱ्यांपर्यंत जाऊ शकतो.

---

वरच्याशी सहमत, एक भर घालतो. त्या केबलवर डिश टीव्ही चालू असेल तर मोका लावू नका, दोघांच्या लहरी एकमेकांवर येतात. आणि कोअ‍ॅक्स नसेलच, तर तीन बँडचा मेश घ्या. त्यातला एक बँड डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वापरता येतो. मात्र दुसरा डबा मागच्या खोलीत ठेवू नका. राउटर आणि खोली यांच्या मध्ये, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे, शक्यतो जिन्याच्या मोकळ्या जागेत ठेवा. बंद खोलीत ठेवलेल्या डब्याला पुढे पाठवायला काही मिळतच नाही.

---

दोघांचे मनापासून आभार! आत्ताच बघून आले. पलंगामागे सॉकेट आहे, वर राउटरच्या खोलीतही आहे. डिश आमच्याकडे कधीच नव्हती. तळघरात सगळ्या केबल एका स्प्लिटरला (एका केबलचे अनेक फाटे करणाऱ्या छोट्या डबीला) येऊन मिळतात, त्यावर "५–१००० मेगाहर्ट्झ" असं लिहिलंय. तो चालेल का?

---

ताई, तो बदला. मोका १६७५ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणून "५–१६७५" लिहिलेला घ्या. जेवढ्या केबल खरंच वापरात आहेत तेवढ्याच तोंडांचा घ्या, कारण प्रत्येक फाट्यावर सिग्नल थोडा कमी होतो. शनिवारी दुपारी मी मोकळा आहे. अ‍ॅडॅप्टर आले की कळवा, येऊन लावून देतो. सासूबाई यायच्या आधी पुण्याला एक कॉल करून बघू.